मोकळी जागा लायसन्सवर देणे आहे

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न वाढलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्ष लोटांगण घातले तर मला उठवायला घरात दोन माणसे नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो 'कूरकुर' करतो असे तू लिहिले होतेस. (दोन्ही 'कु' ऱ्हस्व. राग मानू नकोस. सारा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला, जित्याची खोड आहे.) दाजींना नमस्कार सांग. ते अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का? भांडत असतील तर प्रकृती ठणठणीत आहे असे समजतो.

माझ्या तब्येतीची तू चौकशी केली आहेस आणि 'डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालतोस का, खरे सांग' असे खाली दोन रेघा ओढून विचारले आहेस. ताई, खरे सांगतो: नाही. गेल्या वर्षी छातीत दुखून मी दवाखान्यात पडलो तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले, तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण घरून निघायचे, कुठेही जायचे नाही, काही आणायचे नाही आणि घाम पुसत परत घरी यायचे, याला मी व्यायाम म्हणत नाही, विसरभोळेपणा म्हणतो. शिवाय आता मला वेळच नसतो. सकाळ-संध्याकाळ मी आपल्या जमिनीचा ताबा राखण्यात इतका गुंतलेला असतो की चालायला जायचे कधी? तब्येत मात्र आपोआपच सुधारली. परवा डॉक्टर नाडी बघून म्हणाले, चालणे तुम्हाला मानवले हो. मी पुन्हा मान डोलावली. भल्या माणसाचा हिरमोड कशाला करा?

आता मुख्य विषय. अकरा महिन्यांची मुदत संपत आली, त्या मोटार शिकवणाऱ्या मास्तरला बाहेर काढ, जागा पोत्यांच्या गोदामवाल्याला द्यायची आहे, काम झाले की कळव, असा तुझा हुकूम पोचला. तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलेलो नाही. (एकदा गेलो होतो, विहिरीच्या काठावर; त्याचा वळ अजून आठवतो.) परंतु या वेळी शब्दच आडवा आला आहे, आणि तो तूच दिलेला आहे. तो शब्द म्हणजे लायसन्स.

तुला आठवत असेल, घरामागची बाबांची जमीन (कागदोपत्री शेतीची, प्रत्यक्षात गवताची) पडून आहे, ती कुणाला तरी वापरायला द्यावी असे आपले ठरले तेव्हा तू फोनवर मला बजावले होतेस की भाड्याने अजिबात देऊ नकोस, भाडेकरू बोट दिले की मनगट धरतात. लायसन्सवर दे. लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी. ताबा आपलाच राहतो, अकरा महिने झाले की माणूस गाठोडे उचलून चालू लागतो. मला हे फार पटले. मी लगेच कागदाच्या चिठोऱ्यावर पाटीचा मजकूर लिहिला: 'मोकळी जागा लायसन्सवर देणे आहे.' दुर्दैवाने चिठोरे अरुंद होते, त्यामुळे 'लायसन्स' एका ओळीत बसला आणि 'वर' बिचारा खालच्या ओळीत गेला. ताई, ज्या माणसाने जन्मभर लोकांचे तुटलेले 'वर', 'खाली', 'साठी' आणि 'मुळे' शब्दाला जोडून दिले, त्याच्याच हातून हे घडावे! पाटी रंगवणाऱ्याने चिठोरे वाचले आणि त्याची समजूत अशी झाली की 'लायसन्स वर' ही त्याला दिलेली सूचना आहे. म्हणजे 'लायसन्स' हा शब्द वर घ्यायचा. माणूस आज्ञाधारक. त्याने तो वर घेतला, नुसता घेतला नाही तर तांबड्या रंगात हातभर उंचीचा केला, आणि उरलेल्या जागेत बारीक काळ्या अक्षरांत 'मोकळी जागा देणे आहे' असे लिहिले. त्यातली 'मोकळी जागा' लिंबाच्या फांदीमागे गेली. रस्त्यावरून दिसायचे ते एवढेच: 'लायसन्स देणे आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाटकात लोक. मला वाटले, बाबांच्या जमिनीला काय मागणी आहे! मी प्रत्येकाला मोठ्या आदराने आत घेऊन जागा दाखवत होतो आणि तेही बिचारे गवतातून पाय उचलत माझ्यामागून येत होते, कारण त्यांना वाटले की परीक्षा इथूनच सुरू होते. एकाने तर बांधावरून न पडता चालून दाखवले आणि मग विचारले, 'पास का?' एका आजींना नातवाच्या सायकलचे लायसन्स हवे होते. एक बाई कुत्र्याचे मागत होत्या, कुत्रा सोबतच आणला होता, फोटोला बसेल असा. एक शांत चेहऱ्याचे गृहस्थ बंदुकीचे विचारून गेले. (त्यांना मी चहा पाजला, दोनदा नमस्कार केला आणि फाटकापर्यंत सोडायला गेलो.) आमची ही पायरीवर बसून सगळे बघत होती. दुपारी उठून पाटीसमोर जाऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि घरात जाऊन इतका वेळ हसली की मला वाटले रडते आहे.

ही पाटी वाचूनच आपला मास्तर आला, आणि तो भांडायला आला होता. गावभर त्याला क्लच मास्तर म्हणतात. गोल, बुटका, गळ्यात शिट्टी. आणि इतकी वर्षे शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय असा झाला आहे की खुर्चीवर बसला तरी तो जमिनीवर ब्रेक दाबत असतो. त्याच्याशी कुणी मोठ्याने बोलले की दाबतो, मांजर आडवे गेले की दाबतो. तर तो आला तो ओरडतच, की मी इथे बाजारपेठेतून पोरे-बाळे, हातगाड्या चुकवत लोकांना शिकवतो, लोकांच्या शिव्या खातो, आणि तुम्ही दुसरी शाळा काढून बसून लायसन्स वाटता? मी त्याला मागे नेऊन जमीन दाखवली. ताई, तो माणूस तिथे उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा पाय थांबला. एवढी जागा, आणि मध्ये धडकायला काहीच नाही, असे तो दोन-तीनदा म्हणाला. डोळ्यांत पाणी आले होते त्याच्या. मग मलाच कसेतरी झाले आणि मी म्हटले, घ्या बुवा, लायसन्सवर.

आता दस्त. याविषयी जे लिहितो ते बसून वाच. दस्त लिहिणारे कचेरीच्या पायऱ्यांवर टेबल मांडून बसतात, त्यातला सर्वांत म्हातारा आम्ही निवडला, कारण म्हातारा म्हणजे अनुभवी असा माझा समज. त्याचा अनुभव कानांपर्यंत पोचत नव्हता. त्याने विचारले, 'लायसन्स देणार कोण?' हा प्रश्न कानावर पडताच मास्तरने सवयीने छाती पुढे काढून सांगितले, 'आम्हीच देतो! सगळ्या गावाला!' म्हाताऱ्याने त्याचे नाव लिहिले. मग विचारले, 'आणि घेणार?' मास्तरने तितक्याच सवयीने शेजारच्या माणसाकडे बोट केले. शेजारचा माणूस म्हणजे मी. तू म्हणशील, तू काय करत होतास? मी दस्त तपासत होतो! त्या म्हाताऱ्याने 'मुदतीपूर्वी'तला 'पू' ऱ्हस्व काढला होता, 'नूकसान' असे लिहिले होते, 'वहिवाट' या शब्दाची तर त्याने वाटच लावली होती. मी खिशातून लाल पेन काढला आणि पान न् पान शुद्ध केले. 'लायसन्स घेणार' या शब्दांपुढे माझे आणि तुझे नाव होते, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. तुझ्या नावात वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. आणि सही केली. तुझ्या वतीनेही केली, तुझ्याच अधिकारपत्रावरून. त्या कचेरीत इतका शुद्ध दस्त त्याआधी झाला नसेल. म्हाताऱ्याने दुखावल्या चेहऱ्याने शिक्का मारला.

तर कागदावर आजची स्थिती अशी: जमीन मास्तरची. त्याने ती अकरा महिन्यांच्या लायसन्सवर तुला आणि मला दिलेली आहे. मुदत संपताच तू आणि मी गाठोडे उचलून निघायचे आहे.

(पाणी पी. मग पुढे वाच.)

हे मला तेव्हा कळले नाही, तुझे पत्र आल्यावर कळले. मधले महिने मी मालकासारखाच वागलो, आणि तेही कसून. त्याचे असे झाले की मास्तर आल्यावर थोड्याच दिवसांत आमची ही कुठल्याशा वकिलांना विचारून आली. वकील म्हणाले म्हणे, की लायसन्सवर दिलेल्या जागेत मालकाने सकाळ-संध्याकाळ स्वतः कडेकडेने फेऱ्या घातल्या नाहीत तर ताबा हळूहळू सुटत जातो. फेऱ्या पायीच हव्यात. भरभर हव्यात, कारण रेंगाळत फिरणारा मालक कायद्याच्या नजरेला पाहुणा वाटतो. काठी घ्यायची नाही, हात मोकळे हलले पाहिजेत. आणि घाम आला तर उत्तमच, तो कष्टाचा पुरावा धरतात. इतके बारकाईने सांगणारा वकील मी पाहिला नाही. मला त्यांना भेटून आभार मानायचे होते, पण ते सारखे परगावी असतात. असो. मी कामाला लागलो. तुझे अर्धे आणि माझे अर्धे, असे दोघांचे मिळून ताबा राखतो. तुझ्या अर्ध्यात काटे जास्त आहेत, हे जाता जाता नमूद करतो.

आता अडचण अशी की मी ज्या जमिनीत ताबा राखत असतो तिच्यातच मास्तरच्या मोटारी फिरत असतात. (मोटारी म्हणजे एकच. आवाज चारांचा आहे.) पहिल्या दिवशी मी बांधाला वळसा घालून निघालो, तोच समोरून आपला न्हावी मोटार घेऊन आला. न्हावी शिकायला आला की पुढे बघतच नाही. आरसा दिसला की त्याचे लक्ष आरशात, आणि आरशात मागे बसलेल्या माणसाचे डोके दिसले की त्याला कल्ले कमीजास्त दिसायला लागतात. मास्तर किंचाळला, 'समोर काका! ब्रेक!' मोटार माझ्या धोतराला हुंगून थांबली. मास्तर आनंदाने खाली उतरला. म्हणाला, 'काका, इतके दिवस मी ह्यांना ब्रेक शिकवतोय, पण समोर माणूस असल्याशिवाय पाय हलत नाही हो! उद्या पण याल ना?' मी ताठ मानेने सांगितले की मी माझ्या जमिनीत माझा ताबा राखायला येणारच, मला कोण अडवणार. तो म्हणाला, 'वा! मग जरा मधून या.'

असा मी पादचारी झालो. सुरुवातीला माझा राग होता. मालकाने स्वतःच्या जमिनीत जीव मुठीत धरून फिरायचे म्हणजे काय! मास्तरने पांढऱ्या फक्कीने जमिनीवर भलामोठा आठ काढून कडेने खांब रोवले होते (परीक्षेत मोटार आठाच्या आकड्यात फिरवून दाखवावी लागते), आणि जमिनीवर आठ तशा माझ्या कपाळावर आठ्या. पण हळूहळू त्यात एक शिस्त आली. मी अमुक वळणावर अचानक रस्ता ओलांडायचा. तमुक खांबाजवळ थबकायचे, परत फिरायचे, पुन्हा विचार बदलायचा, जसे रस्त्यावर लोक करतात. मास्तरच्या मते माझ्याइतका अनिश्चित पादचारी त्याने पाहिला नाही, आणि हे त्याने कौतुकाने म्हटले होते. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाई शिकायला येतात; त्यांनी मोटार थांबवून, काच खाली करून मला दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडण्याविषयी सुनावले, आणि मी चक्क 'हो बाई' म्हणालो.

आणि मग एके दिवशी समोरून मोटार आली, मी ठरल्याप्रमाणे आडवा गेलो, मोटार थांबली, आणि बघतो तर आत आमची ही! मला वाटले मागच्या सीटवर हवा खायला बसली असेल. तर चाक हिच्या हातात. ताई, या घरात मोटार नाही. या घराण्यात कधी मोटार नव्हती. मी विचारले, हे काय? तर म्हणाली, 'तुमच्या छातीत दुखलं त्या दुपारी शेजाऱ्यांची गाडी दारात उभी होती आणि चालवणारं कुणी नव्हतं. मी रस्त्यावर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करत होते. पुन्हा मी अशी उभी राहणार नाही.' एवढे बोलून तिने मला बाजूला व्हायला सांगितले, कारण मागे न्हावी रांगेत होता. मी बाजूला झालो, आणि नंतर बराच वेळ बांधावर बसून राहिलो. ती दुपार मला वेदनेमुळे लक्षात होती. हिच्या लक्षात ती अशी होती, हे मला ठाऊकच नव्हते.

हिची प्रगती मात्र यथातथाच. तीनदा परीक्षेला गेली, तीनदा नापास होऊन आली. पुढे जायचा आठ जमतो, मागे जायचा आठ सात होतो म्हणे. बातमी सांगते मात्र अत्यंत शांतपणे, एखाद्या स्थितप्रज्ञासारखी. पहिल्यांदा नापास झाली त्या दिवशी तर मास्तरने सगळ्यांना बिस्किटे वाटली, सांत्वनासाठी असावीत. तेव्हापासून तिला सरावासाठी मी रोज अधिक वेळ आडवा जातो. तीही माझ्यापासून वीतभर अंतरावर मोटार थांबवते, रोज, न चुकता, आणि काचेतून माझ्याकडे बघते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ही माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक पूर्वी कधी बघत नव्हती.

तर अशा वेळी तुझे पत्र आले. मी तुझी आज्ञा पाळायला दस्त काखोटीला मारून निघालो. मास्तर मोटारीखाली आडवा होता. मी म्हटले, मास्तर, मुदत संपत आली, दस्ताप्रमाणे जागा खाली करावी लागेल. तो बाहेर आला, हात पुसले, दस्त वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, आणि त्याचा पाय जमिनीवर ब्रेक दाबू लागला. मग अगदी पडेल आवाजात म्हणाला, 'काका, म्हणजे तुम्ही आणि ताई जागा सोडून चाललात?' मी दस्त ओढून घेतला. वाचला. आणि तेव्हा, ताई, तेव्हा मला 'देणार' आणि 'घेणार' दिसले. दोन्ही शब्द अगदी शुद्ध होते.

मास्तर वाईट माणूस नाही. त्याने मला पाणी दिले, टायरवर बसवले, आणि माझी समजूत काढत म्हणाला, 'जायचं कशाला, काका? राहा की. मी वाढवून देतो मुदत.'

सांग आता, अशा माणसाला काढायचे कसे? तो चिवट आहे, कायदा त्याच्या बाजूने आहे आणि त्याला स्वतःला ते कळलेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण कचेरीत गेलो, वकील केला, आरडाओरडा केला तर मूठ उघडेल आणि बाबांची जमीन हातची जाईल. त्यापेक्षा गोदामवाल्याला सांग की जागा रिकामी नाही, आणि आहे ते मुकाट्याने चालू दे. माझा यात काही स्वार्थ नाही. उलट मला किती त्रास आहे हे तू वाचलेच. धूळ, आवाज, जिवाला घोर. बांधाला लावलेली वांगी मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा तुडवली. पण तुझ्या अर्ध्या हिश्शासाठी मी सगळे सोसतो आहे. मास्तरला काढणे अशक्य आहे, हे माझे पूर्ण विचारांती झालेले मत तुला कळवतो.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक देत जा आणि दाजींना रेडिओपासून लांब बसव. चूकभूल द्यावी-घ्यावी, त्यात देणार कोण आणि घेणार कोण, हे मात्र या वेळी दोघांनी नीट वाचून घेऊ.

तुझाच,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मास्तर आला. तू माझ्यावर विसंबून न राहता त्याला परस्पर पत्र पाठवलेस ते त्याला पोचले. तू त्यात काय लिहिलेस ते त्याने सांगितले नाही. अक्षर बघूनच पाय ब्रेकवर गेला, एवढेच म्हणाला. तो जातो आहे. महिनाअखेर. वीटभट्टीपलीकडे त्याला दुसरे मैदान मिळते आहे. खांब उपटायला सुरुवातही केली. दस्ताचे त्याने नावही काढले नाही. तेव्हा वरचे 'अशक्य' खोडून 'झाले' असे वाचावे. काम झाले की कळव म्हणाली होतीस, म्हणून कळवले.

ता. क. दुसरा. ताई, त्याला थांबव. मी तोंडी सांगून पाहिले, तो ऐकत नाही. तो फक्त तुला घाबरतो. त्याला आणखी एक पत्र लिही, तितकेच खरमरीत, की जागा सोडलीस तर याद राख. हिची परीक्षा राहिली आहे, हे एक कारण. दुसरे लिहायला लाज वाटते, पण वर स्वार्थ नाही म्हणून बसलो, तेव्हा लिहिलेच पाहिजे. छापखाना सुटल्यापासून माझ्यावाचून कुणाचे काही अडले नव्हते. सकाळ व्हायची, मी खुर्चीत बसायचो, संध्याकाळ व्हायची. आता मी जमिनीत पाऊल टाकले की लोक मोटार थांबवतात. कुणी हात करते, कुणी रागावते, कुणी मी मध्ये येईपर्यंत वाट बघते. परवा एक दिवस सर्दीमुळे गेलो नाही, तर न्हावी येऊन विचारून गेला की आज आम्ही ब्रेक कुणासाठी लावायचा. गोदाम झाले की तिथे पोती असतील. पोत्यांपुढून मी कितीही वेळा आडवा गेलो तरी ती काय थांबणार? आधीच थांबलेली. गोदामवाल्याला नाही म्हण. एवढे माझे ऐक, यानंतर काही मागणार नाही. पत्र पोस्टात टाकायला हिच्याकडे देतो आहे.

ता. क. तिसरा, आणि हा माझा. वन्सं, नमस्कार. पाकीट वाफेवर धरून उघडलं, माफ करा. हे आत झोपलेत. ह्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त दोन गोष्टी ह्यांना ठाऊक नाहीत. तो वकील-बिकील कुणी नव्हताच. डॉक्टर चाला म्हणाले की हे ऐकायचे नाहीत, म्हणून मी 'ताबा' म्हटलं. शब्द अवघड असला की हे लगेच ऐकतात. दुसरं, मी पहिल्याच खेपेला पास झाले. लायसन्स पिठाच्या डब्यात ठेवलंय. सांगितलं असतं तर माझ्या सरावासाठी म्हणून हे जे रोज जास्तीचं आडवे जातात ते बंद झालं असतं. मास्तरांची गाडी मुक्कामाला आपल्या जमिनीतच असते आणि किल्ली माझ्या कनवटीला असते. ह्यांच्या छातीत पुन्हा कधी दुखलं तर मला बाहेर पळत जाऊन हात करायचा नाहीये. ती गाडी इथून हलवू नका. मास्तरांना पत्र आजच टाका, हवं तर माझ्यावर रागवा. आणि ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. लायसन्स माझ्याजवळ आहे. ताबा ह्यांच्याकडेच राहू द्या.